ताण सरकतो

३ मार्च
नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क वेळेवर पोचले. खोलीत दोन टेबलं: एक माझं, एक ताईंचं. ताई इथल्या जुन्या, मला काम शिकवतात आणि मी चुकले की गालातल्या गालात हसतात. बारीक कॅमेरा पेशंटच्या हृदयाच्या धमनीत सरकवून आतली चित्रं घेतलेली असतात. धमनीत चरबी साठते, तिच्यावर पातळ पापुद्रा धरतो. त्याच्या कडा आपण माऊसने आखायच्या. मग कॉम्प्युटर रक्तदाब धरून पापुद्र्यावर किती ताण पडतो ते काढतो. पापुद्रा जितका पातळ तितका ताण जास्त. ताण जास्त तिथे लाल, आणि लाल म्हणजे फाटायची भीती. डोळे चुरचुरतायत, पण काम आवडलं.

९ मार्च
चित्रांवर नावं नसतात, नुसते नंबर. त्यातला एक मला पाठ आहे. गेल्या महिन्यात दादाची तपासणी झाली तेव्हा कागद मीच सांभाळत होते. आज त्याचं चित्र माझ्याकडे आलं. लालभडक. घरी गेले तर दादा जिन्यातच धापा टाकत बसलेला, आणि वहिनीला सांगत होता की वजन वाढलंय, बाकी काही नाही.

१० मार्च
लबाडी केली. दादाच्या पापुद्र्याची रेघ जरा जाड आखली. लाल गेलं. संध्याकाळी दादा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढला, वर मलाच म्हातारी म्हणून चिडवलं.
पण पुढच्या नंबरच्या चित्रात लाल आलंय. काल तिथे काहीच नव्हतं.

१३ मार्च
तो पुढचा पेशंट गेला. अचानक, असं डॉक्टर म्हणाले.
दादाचं लाल परत आलंय. रेघ पुन्हा जाड केली. जेवण गेलं नाही.

१६ मार्च
मी ढकलते, ते परत येतं. आज ताईंना त्यांच्या स्क्रीनवर तेच करताना पाहिलं. त्यांनी लपवलं नाही. ते चित्र त्यांच्या मिस्टरांचं. कित्येक वर्षं त्या असंच निभावतायत. ताण नाहीसा होत नाही, म्हणाल्या, नुसता सरकतो, कुणाच्या तरी वाट्याला जाणारच. त्यांच्या मिस्टरांच्या पुढचा नंबर दादाचा आहे.

१८ मार्च
ताईंच्या आधी आले. त्यांच्या मिस्टरांची रेघ बारीक केली. एका दमात सरळ आली, याचीच भीती वाटते.

१९ मार्च
ताईंचे मिस्टर गेले. कुठेच लाल नाही. दादा वाचला. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि ते दुःखाने नव्हतं.

२३ मार्च
ताई आल्यायत. माझ्याकडे पाठ करून आखतायत —
दादाचा नंबर —
मी जाड करते, त्या बारीक करतात. त्यांना आता कुणालाच वाचवायचं नाही. डाव्या हाताने लिहितेय, उजवा माऊसवर —
पाया पडले. वळूनसुद्धा —
वहिनीचा फोन. आधी रेघ, मग उचलते — जरा जाड झाली की — पुन्हा वाजतोय — लाल — सगळं ला