मायच्या अंगणाचा पत्ता आणि दादांचं यंत्र

सौंसर, ता. ९ ऑगस्ट

तीर्थरूप मनोहरदादांस,

गजेंद्रचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक असून बाबा ठणठणीत आहेत. अलिबागच्या दमट हवेत तुमच्या गुडघ्याचं कसं काय? वहिनींनाही नमस्कार. फोन सोडून पत्र का, असं विचाराल, तर तो बाबांचा हुकूम आहे. फोनवर तुम्ही "रेंज नाही" म्हणता आणि कागदाला रेंज लागत नाही, असं त्यांचं मत पडलं. (ते शेजारी खाटेवर बसले आहेत आणि प्रत्येक परिच्छेद मला मोठ्याने वाचून दाखवावा लागतो आहे.)

तर तुमची शिडाची होडी पोचली. संत्री टाकून मुंबईहून रिकामा परतणारा ट्रक तुम्ही बरोबर गाठलात. ड्रायव्हरने वाटेत जामसांवलीला मारुतीपुढे नारळ फोडला आणि होडीला ट्रॅक्टरसारखा हार घातला. मत्स्य समितीवाले धरणात मोटर लावू देत नाहीत, म्हणून तुम्ही शिडाची पाठवली हे शहाणपणाचं झालं. मायने मरताना काय मागितलं ते तुम्हाला माहीत आहे. "मले नर्मदेत नोको नेऊ. माह्या आंगणात सोडजा." आता अंगण धरणाच्या पोटात, वर चाळीस फूट पाणी, आणि माय अकरा महिन्यांपासून लाल फडक्यातल्या लोट्यात, दारातल्या कडुनिंबाला टांगलेली. अस्थी घरात आणत नाहीत हे खरं, पण इतके दिवस झाडाला ठेवतही नाहीत. येणारा-जाणारा आधी लोट्याकडे बघतो आणि मग माझ्याकडे. मला लाज वाटते, दादा.

पाण्यावर अंगण शोधायचं कसं, यावर तुम्ही यंत्र सुचवलंत. होडी कुठे आहे ते नकाशावर दाखवणारं, जीपीएस चार्टप्लॉटर. तुम्ही तीन नमुन्यांचे फोटो पाठवलेत आणि आमच्या घरात तीन पक्ष झाले. शेजारचा हेमराज (हाच तो विहिरींच्या मोटरी बसवणारा, वीस वर्षं झाली) म्हणाला, सगळ्यांत मोठं घ्या, टीव्हीसारखं दिसलं पाहिजे. मी म्हटलं, लहान घ्या, होडीच केवढी आहे. शेवटी वैशालीने निकाल दिला. रेशन दुकानात बाबांचा अंगठा मशीन ओळखत नाही, जन्मभर कापूस वेचून रेघाच उरल्या नाहीत, तर काचेवर बोट फिरवायचं यंत्र त्यांना काय ओळखणार? बटणवालं मागवा. मास्तर मी आणि अक्कल तिला, हे तुम्ही माझ्या लग्नातच म्हणाला होतात.

ते बसवण्याचं काम हेमराजने अंगावर घेतलं आणि तिथेच आमची साडेसाती सुरू झाली. विहिरीवर मोटरचं स्टार्टर जसं बसवतात तसंच त्याने ते बसवलं. लोखंडी पेटी, तिला दार, दाराला कुलूप, वर पावसासाठी पत्र्याची पडवी. "चोर आला तं होडी नेईन, मशीन नाही नेऊ शकत," असं त्याने अभिमानाने सांगितलं. तुम्ही पाठवलेला स्टँड त्याने 'जास्तीचा माल' म्हणून मला परत केला. ट्रॅक्टरची बॅटरी जोडली, यंत्र सुरू झालं, आणि दोन दिवस पडद्यावर एकच वाक्य: उपग्रह शोधत आहे. हेमराजचं म्हणणं पडलं की उपग्रह आपल्याकडून जातच नसतील, इकडून नागपूरची बस तरी कुठे वेळेवर जाते. मी तुमचं माहितीपुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की यंत्राच्या डोक्यावर उघडं आकाश हवं. आम्ही त्याला तुरुंगात घातलं होतं. पेटी घणाने तोडावी लागली (किल्ली पाण्यात पडली होती, कोणाच्या हातून ते विचारू नका). तिला हेमराजने तुमच्या स्टँडचेच स्क्रू लावले होते, तेही त्यात गेले, म्हणून वैशालीने मायच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि यंत्र डोलकाठीला बांधलं. ते दुसऱ्या मिनिटाला जागं झालं.

पटवाऱ्याकडून खसऱ्याच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, जुन्या नकाशावरून अंगणाचे अक्षांश-रेखांशाचे आकडे काढून आणले होते, ते यंत्रात भरले. गेल्या रविवारी निघालो: बाबा, मी, वल्ह्याला हेमराज आणि लोटा. दादा, तुमच्या यंत्रात कोकणचा समुद्र खडकांसकट आहे, पण आमचं धरण नाही. निघाल्यापासून ते बोंबलत होतं की होडी जमिनीवर आहे. मी आवाज बंद करायला गेलो तर बाबांनी हात धरला. म्हणाले, "राहू दे. बरोबर सांगून राह्यलं ते. जमीनच हाय. पानी मांगून आलं."

मग यंत्र एकदा वेगळं वाजलं, पोचलो म्हणून. बाबांनी शीड उतरवलं आणि आम्हाला आधी चपला काढायला लावल्या. ओसरीवर उभे आहोत म्हणाले. इथे चूल, इथे गोठा, असं पाण्याकडे बोट करून दाखवत होते आणि हेमराज मान हलवत होता. लोट्याची गाठ मात्र पावसाने घट्ट झाली होती, काही केल्या सुटली नाही, म्हणून परत आलो. लोटा पुन्हा कडुनिंबाला आहे. बाकी सर्व कुशल.

आपला आज्ञाधारक,
गजेंद्र

ता. क. : हे पोस्टाच्या बाकावर बसून लिहितो आहे. बाबा ठणठणीत नाहीत. नागपूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की दिवाळीचं काही विचारू नका. बाबांना कोणी सांगितलेलं नाही, पण त्यांना ठाऊक आहे.

ता. क. दुसरं : गाठ घट्ट नव्हती. बाबांनी ती सोडली होती. आत पाहिलं आणि परत बांधली. म्हणाले, "तुही माय पान्याले भेते. एकटी नाही राहाची. दोघायचं संगच करजा."

ता. क. शेवटचं : मला यंत्र आता येतं. हेमराजला वल्हं येतं. पण त्या दिवशी शिडाची दोरी बाबांनी धरली होती, बैलांचा कासरा धरतात तशी, आणि आमच्या दोघांच्याही हातात ते शीड ठरत नाही. पुढच्या खेपेला लोटे दोन असतील आणि दोरी धरायला कोणी नसेल. माय गेली तेव्हा तुम्ही दोन दिवस येऊन गेलात, नंतर होडी पाठवली, मग यंत्र पाठवलं. आता काही पाठवू नका. बाबा आहेत तोवर या आणि त्यांच्याकडून दोरी हातात घ्या. येताना बूट घालू नका, अंगणात जायचं आहे.