बावन्न पत्ते, आठ जागा

३ जून, सकाळ
ऑफिसात नोटीस. आमचं अर्ज तपासायचं काम आता कॉम्प्युटर करणार. आम्ही अकरा जण, जागा आठ. तीन आठवडे प्रोग्रामिंग शिकायचं, मग साहेबांसमोर परीक्षा. पत्त्यांचा साधा खेळ लिहून दाखवायचा. दोघांना एकेक पान वाटायचं, मोठं पान जिंकणार. हसूच आलं. पत्ते मी शाळेपासून पिसतोय. घाबरण्यासारखं काहीच नाही. घरी सांगितलं नाही, बायको उगाच घाबरेल.

४ जून
संकल्प : रोज पहाटे पाचला उठून सराव.

५ जून
पावणेआठला उठलो. झोप पुरी झाली की डोकं चालतं. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. विचारत होत्या, पूर्वी काही केलंय का? थोडंफार, म्हटलं. एकदा पासवर्ड बदलला होता.

९ जून
माझ्या खेळात चार खेळाडू, संगीत, आणि पानं हवेत गिरकी घेणार. बाई म्हणाल्या, आधी बावन्न पानं तरी तयार करा. माझी एकावन्नच होतात. शेजारच्या टेबलावरच्या लठ्ठोबाची झाली बावन्न. मदत करू का, म्हणाला. कावा कळतो मला. नको म्हटलं.

१२ जून
संगीत रद्द. गिरकी रद्द. खेळाडू दोनच, गर्दीत मजा नाही.
बावन्न पानं झाली! चौकटची सत्ती दोनदा आहे, पण बेरीज जमली.
छातीत धडधडतं म्हणून डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले हृदय ठणठणीत आहे, कसली काळजी आहे का? म्हटलं, छे, चहा जास्त होतो.

१६ जून, रात्र
पानं पिसायचा भाग लिहिला. दर वेळी पहिला किलवरचा गुलामच येतो. बाईंना म्हटलं, योगायोग. सतरा वेळा झाला.
जिन्यात जरा टेकलो. तिथे लठ्ठोबा आधीच बसलेला. घशाखाली घास उतरत नाही हो, म्हणाला. भित्रा आहे बिचारा. मी डबा तसाच परत नेला, भाजीला मीठ जास्त होतं.

१९ जून
बायको विचारते, झोपेत पत्त्यांची नावं का घेता? क्लबात रमी खेळतो म्हणून ठोकून दिलं. जुगारी समजली तर समजली.

२३ जून, सकाळी साडेसात
आज परीक्षा. रात्रीत सत्तीचा घोळ मिटवला, गुलामही हलवला. फक्त चालवून पाहिलं नाही. ऐन वेळी बिघडायला नको.

२३ जून, संध्याकाळ
बटण दाबलं. साहेबांना इस्पिकचा राजा. मलाही इस्पिकचा राजा. बाईंनी हळूच विचारलं, एका कॅटमध्ये इस्पिकचे राजे किती असतात? मी म्हणालो, हल्ली नियम बदललेत. कुणी हसलं नाही.
चार वाजता यादी लागली. लठ्ठोबा आत, मी बाहेर. त्याने माझा हात धरला तो सोडेचना. घाई आहे, म्हटलं. मग घराच्या दारावरून दोनदा पुढे गेलो.
शेवटी बायकोला सगळं सांगितलं. ती माझ्या हातातल्या कपात चहा ओतत होती. म्हणाली, मला पहिल्याच आठवड्यात कळलं. लठ्ठोबाची बायको भाजीवाल्याकडे भेटली होती.
"मग विचारलं का नाहीस?"
"भीती वाटली."
मी म्हणालो, मला नाही वाटली. तिने माझ्या हातातून कपबशी काढून घेतली. फार वाजत होती.