हवालदार आणि ठमी यांच्या राहत्या घराबाबत

मी, मंजुषा भिमाजी मौले, वय एकाहत्तर, विमा कंपनीतून निवृत्त, राहणार मखमलाबाद नाका, नाशिक, आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, दाराला आतून कडी घालून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टर चैताली यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्याची दुसरी प्रत माझा भाचा ललित याला सापडणार नाही अशा जागी आहे. यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रं मी रद्द करते. ती ललितने चोरून वाचली असावीत, कारण दुसरं लिहिल्यावर तो बरेच दिवस इकडे फिरकला नव्हता.

लोक मला संशयी म्हणतात. मी जन्मभर विम्याचे दावे तपासले. जळालेल्या कांद्याच्या चाळी पाहिल्या, उलटलेले टेम्पो पाहिले, विहिरीत पडलेल्या पाण्याच्या मोटारी पाहिल्या, आणि त्यातल्या काही मोटारी मालकानेच ढकललेल्या होत्या. अशी नोकरी केलेल्या बाईने माणसांवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा म्हणजे पगार फुकट घेतल्यासारखं झालं.

कलम १. माझ्यावर अवलंबून असलेले. मला मूलबाळ नाही. माझ्या घरात दोन कुत्रे राहतात. हवालदार हा तांबडा, डाव्या कानाला खाच असलेला. पिंपळगावच्या हायवेवर उलटलेल्या द्राक्षाच्या टेम्पोखाली तो सापडला, ती माझ्या नोकरीतली शेवटची तपासणी. दावा मी नामंजूर केला, पिल्लू मंजूर केलं. दुसरी ठमी, काळी, हल्ली डोळ्यांनी अधू. तिच्या मालकांनी फ्लॅटमध्ये राहायला जाताना तिला माझ्या फाटकाला बांधून ठेवलं होतं. त्या कुटुंबाचं नाव मी लिहीत नाही, पण ते अजून माझ्याकडे पुस्तकं मागायला येतात. त्यांना एकही पुस्तक देऊ नये.

माझ्यामागे या दोघांना याच घरात राहता यावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. बाकी कलमं त्यासाठीच आहेत.

कलम २. वाडवडिलांची जमीन. या कलमाखाली वाटण्यासारखं काही नाही. आमचे वडील गुलाब आणि झेंडू लावायचे. त्यांच्या पश्चात माझा भाऊ धनराज याने भाऊबीजेला मला बोलावलं, पैठणी नेसवली, आणि ओवाळून झाल्यावर निरांजनाच्या ताटाखालून हक्कसोडाचा कागद काढला. "ताई, सही तेवढी कर, सगळ्या बहिणी करतात." मी कागद दोनदा वाचला आणि सही केली. न वाचता केली असं त्याने पुढे सगळीकडे सांगितलं, ते खोटं आहे. पैठणी कपाटात तशीच आहे. ती ठमीला थंडीत अंथरावी.

कलम ३. राहतं घर. हे मी माझ्या पगारातून बांधलं. त्यावर धनराजच्या मुलाचा, म्हणजे ललितचा, डोळा आहे. तो येताना कुत्र्यांना बिस्किटं आणतो आणि फरशीवर पावलं टाकत जागा मोजतो. एकदा म्हणाला, "आत्या, इथे चार मजले सहज बसतील. तुला खालचा फ्लॅट देऊ."

"आणि हे दोघं?" मी विचारलं.

"त्यांना दिंडोरीला मित्राच्या द्राक्षबागेत सोडू. मोकळे राहतील बिचारे."

बिचारे हा शब्द मी दाव्यांच्या अर्जांत फार वाचलेला आहे. सबब हे घर ललितला मिळू नये आणि त्याचं नाव उताऱ्यावर लागू नये.

कलम ४. घर कोणाला. हे लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, म्हणून कारणासकट लिहिते.

गेल्या मार्गशीर्षात मी पायरीवरून पडले आणि खुब्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात राहिले. घराची किल्ली नाइलाजाने ललितची बायको शुभांगी हिच्याकडे द्यावी लागली. शुभांगी देवळा तालुक्यातली, कांद्यात वाढलेली. ती माझ्याशी कमी बोलते. कमी बोलणारी माणसं मी नेहमी वेगळ्या खुणेने नोंदवत आले, म्हणून जाताना मी तजवीज करून ठेवली होती. आमच्याकडे पुस्तकांत कडुलिंबाचा पाला घालतात, कसर लागू नये म्हणून. मी प्रत्येक कपाटातल्या ठरावीक पुस्तकात ठरावीक पानावर काडी ठेवली. कोणी हात लावला तर कळावं.

परत आले तर कपाट उघडलेलं होतं. काड्या जागच्या जागी, पण पाला ताजा, हिरवागार. कोणीतरी जुना काढून नवा ठेवला होता. याहून वाईट म्हणजे, माझ्या खुर्चीजवळचं कव्हर फाटलेलं जाड पुस्तक, जे मी दुपारी कुत्र्यांना वाचून दाखवते, तेही हललेलं. आणि हवालदार मला भेटला, शेपटी हलवली, अन् जाऊन शुभांगीच्या पायाशी बसला. माझा कुत्रा फितवला म्हणून मला रडू आलं. ते मी चहा गरम असल्याच्या नावावर खपवलं.

"माझ्या कपाटाला हात कोणी लावला?"

"म्या लावला, आत्याबाई."

"कशाला? काय शोधत होतीस?"

"काय नाय. हवालदार जेवंना. ठमी बी तोंड लावंना. दुपार झाली का दोघं तुमच्या खुर्चीपाशी जाऊन बसायची. शेजारच्या गोजराबाई म्हनल्या, त्यांना वाचून दाखवायची सवय हाय. मंग वाचलं. पाला वाळला व्हता, तो बदलला. काड्या तुम्ही ठेवल्या तिथंच ठेवल्या."

"तुला वाचता येतं?"

"धाव्वीनंतर नाय वाचलं काय. बोट ठेवून वाचते. लय येळ लागतो. त्यांना चालतं."

गोजराबाईंकडे मी स्वतंत्र चौकशी केली. त्या म्हणाल्या, पोरगी रोज येई, अडखळत वाची, जोडाक्षर आलं की थांबे, आणि कुत्रे घोरू लागले तरी पान संपवल्याशिवाय उठत नसे. ललित फाटकाबाहेर गाडीचा भोंगा वाजवी, तरी उठत नसे. दोन साक्षी जुळल्या.

म्हणून घर, त्यातली सर्व पुस्तकं, आणि कुत्र्यांच्या खाण्यापिण्याला पुरेल अशी बँकेतली ठेव मी शुभांगी ललित मौले हिला एकटीला देत आहे. तिच्याबद्दलचा संशय मी मागे घेत नाही, बाजूला ठेवते. अटी अशा: दोघांपैकी एकही कुत्रा जिवंत असेतोवर घर विकू नये, पाडू नये. दुपारचं वाचन चुकवू नये. जनावरांचे डॉक्टर अमोल यांनी अचानक येऊन पाहणी करावी, आणि हवालदारच्या कानाची खाच तपासावी, कारण तांबडे कुत्रे नाशकात पुष्कळ आहेत. कुत्र्यांना घराबाहेर काढल्याचं सिद्ध झाल्यास हे घर भटक्या जनावरांवर उपचार करणाऱ्या संस्थेला जाईल. संस्थेचं नाव सीलबंद पाकिटात आहे.

कलम ५. ललित. त्याला माझा टॉर्च आणि मोजपट्टी.

कलम ६. त्या जाड पुस्तकाबद्दल. इस्पितळातून परत आल्यावर मी शुभांगीला विचारलं, "कुठवर आलात?" ती म्हणाली, "संपलं. शेवट सांगू का?" मी ओरडले, "खबरदार!" या घरात शेवट कोणी कोणाला सांगत नाही. तर त्या वेळची परिस्थिती अशी की त्या पुस्तकात पुढे काय झालं हे माझ्या कुत्र्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं. त्यानंतर मी रोज वाचत आले आहे. आता शेवटचं एक पान उरलं आहे. ते मी मुद्दाम वाचलेलं नाही.

कलम ७. दहावा. विधी रामकुंडावर, थोडक्यात. पिंडाला कावळा शिवला नाही की आमच्यात घरचे हात जोडून मेलेल्याला शब्द देतात. ललित पुढे होईल आणि "आत्या, कुत्र्यांना सांभाळू," असं मोठ्याने म्हणेल. तो शब्द कावळ्यासाठी असेल, माझ्यासाठी नाही. त्याला मागे उभं करावं.

शुभांगीने पुढे यावं. ते जाड पुस्तक बरोबर आणावं आणि शेवटचं पान मोठ्याने वाचावं. बोट ठेवून वाचलं तरी चालेल, कितीही वेळ लागू दे. कावळा येईल. मला शेवट ऐकायचाच आहे. पण एक ओळ जरी गाळलीस, शुभांगी, तरी मला कळेल.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे. पानांना नंबर घातले आहेत, मध्ये कोरी जागा सोडलेली नाही.

स्थळ: नाशिक
दिनांक: २१ फेब्रुवारी २०२५

(सही) मंजुषा भिमाजी मौले

साक्षीदार. यांच्यासमोर मी सही केली आणि माझ्यासमोर यांनी. मजकूर वर्तमानपत्राने झाकून ठेवला होता.

१. (सही) ज्ञानेश काकड, मखमलाबाद
२. (सही) मीना पिंगळे, नाशिक. सही करताना वर्तमानपत्र उचलून पाहण्याचा प्रयत्न केला.