गूळ जरा जास्त

डोंबिवली (पूर्व),
भाद्रपद वद्य चतुर्थी

प्रिय बाळ,

अक्काचा आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, तसली बातमी नाही. सोबतचा डबा मात्र पत्र संपेपर्यंत उघडू नकोस. फोन केला असता, पण आमच्या दोन खोल्यांत ह्यांच्या कानावर पडणार नाही असं काहीच बोलता येत नाही. बोलणं गेल्यापासून कान जास्तच तिखट झालेत. म्हणून दत्ताच्या देवळात बसून लिहिते आहे. घरी ह्यांच्याजवळ शेजारची उत्तरा बसली आहे. तिला कीर्तन आहे असं सांगितलंय. म्हणजे एक खोटं इथेच झालं.

जिभेच्या ऑपरेशनला दीड वर्ष झालं. तू त्यानंतर आला नाहीस. का ते मला कळतं रे. पहिला पाईप तूच आणून दिला होतास. खरं सांगते, देवापुढे बसून मी तुला दोष दिलाय, एकदा नाही, पुष्कळदा. ह्यांनी मात्र कधी दिला नाही. तो पाईप अजून पुसून, पिवळ्या फडक्यात गुंडाळून उशाशी ठेवतात. आता नळीवाटे पेज घालते आणि हे पाटीवर लिहून बोलतात. किरणांच्या शेकाने वासही गेला. पुढे काही करण्यासारखं नाही, घरीच ठेवा, असं डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी ह्यांनी पाटीवर काय लिहिलं असेल? 'पान आणव.'

तुला ह्यांची रीत ठाऊक आहेच. विठ्ठलवाडीच्या धोंडीबाकडचं तंबाखूचं पान, शिरा काढून बारीक कातरलेलं, त्यावर गुळाचं पाणी आणि मनुकांचा अर्क, मग डब्यात दाबून वरवंट्याखाली चाळीस दिवस. मग तुम्ही दोघं गॅलरीत बसून गुण द्यायचात आणि हे वहीत लिहायचे. एका वर्षी तू चार दिलेस तर दोन महिने तुझ्याशी बोलले नाहीत, आणि पुढच्या वर्षी आधी तुलाच बोलावलं. मी कपाळावर हात मारायचे. पण या खेपेला मीच जाऊन पान आणलं. आता ह्यांचं काय बिघडायचं राहिलंय? सगळं नुसत्या बोटांनी केलं ह्यांनी. चिमूट दाबायची, सोडायची, ती हळूहळू उलगडली की मान हलवायची. इतकं खुशीत मी ह्यांना दीड वर्षात पाहिलं नव्हतं.

आणि मी काय केलं, ते ऐक. श्रावण लागला. आमचं देवघर स्वयंपाकघरातच, फळीवर. त्याच फळीखाली तंबाखूचा डबा. मला बघवेना. सोमवारचा उपास, समोर शिवामूठ, आणि खाली ते. ह्यांना न विचारता मी डबा उचलून गॅलरीत तुळशीच्या कुंडीमागे नेऊन ठेवला. वरवंटा तेवढा घरातच ठेवला, चटणीला लागतो म्हणून. रोज तुळशीला पाणी घालत होते, वरून पावसाची झड. झाकण सैल आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही. चाळिसाव्या दिवशी उघडला तर वर पांढरी बुरशी. चमच्याने काढली, उरलेलं जुन्या तव्यावर परतलं आणि डबा जागच्या जागी ठेवून दिला. दुसरं मुरवायला पुन्हा चाळीस दिवस लागतात, बाळ.

रविवारी ह्यांनी डबा मागितला. चिमूट दाबली, पाईप भरला, आणि माझ्यासमोर धरला. पाटीवर लिहिलं, 'तू ओढ. तीन झुरके. गिळू नकोस, तोंडात फिरव.' आंघोळ, पूजा झालेली माझी. चाळीस वर्षं ह्यांनी ओढला आणि मी खिडक्या उघडल्या. तो पाईप मी तोंडात धरला. ह्यांनीच काडी लावली. पहिल्या झुरक्यालाच डोळ्यांत पाणी आलं. जुनी गोधडी भिजून कुजावी तसा वास, आणि मागून करपलेल्या पोत्याची चव. धूर जिभेला चावत होता. हे माझ्या तोंडाकडे बघत होते, निकाल बघावा तसे. पाटीवर लिहिलं, 'किती?'

मी म्हटलं, नऊ.

'दहा का नाही?'

मी म्हटलं, गूळ जरा जास्त झालाय.

हसले. आवाज नाही, पण खांदे हलले. नऊ हा आकडा वहीत माझ्याच हाताने लिहवून घेतला. घरखर्चाच्या वहीत मी कधी एक आकडा खोटा लिहिला नाही, तुला माहीत आहे. मग मी पुन्हा आंघोळ केली. बाहेर आले तर पाटी माझ्या पाटावर ठेवलेली: 'तू मला खूश करायला नऊ दिलेस. बाळला पाठव. तो खोटं बोलत नाही.' हा डबा त्यांनी स्वतः दोरी बांधून दिलाय. तो सोमवारीच पोस्टात पडला असं ह्यांना वाटतं, म्हणून गेले चार दिवस पोस्टमन जाईपर्यंत खिडकीशी बसून असतात.

म्हणून हे पत्र. डब्यातलं काही पेटवू नकोस, तसंच टाकून दे. तुझ्या छातीला तो धूर नको. ह्यांच्या नावाने वेगळं पत्र लिही, मोठ्या अक्षरात, दिसतं कमी. आठ दे. नऊ दिलेस तर आपण ठरवून केलं हे ह्यांना कळेल. जरा दोष काढ, नेहमी काढायचास तसा. गुळाचाच काढ, म्हणजे माझंही खरं ठरेल. आणि हे काम दसऱ्यावर टाकू नकोस. तुझं पत्र ह्यांना पोचलं की चार दिवसांनी तू ये, पण आधी नको. तुझ्या चेहऱ्याला खोटं बोलता येत नाही.

तुझीच,
अक्का