ओमकारच्या शर्टाचं अस्वल

पाली,
मंगळवार

प्रिय नम्रता,

शिमग्याची पालखी घरी आली त्याच दिवशी तुझं पार्सल मिळालं. फोनवर मी नुसतं "मिळालं गो" म्हटलं आणि बाजारातल्या कलिंगडांचं काहीतरी बोलत बसले, ते तुला कळलंच असेल. संस्कृतीला तिच्या बाबाच्या शर्टाचं अस्वल हवं आहे. तुझ्या लग्नाआधी ते तिच्या हातात पडलं पाहिजे, म्हणजे नव्या घरात शिरताना ते तिच्याबरोबर असेल, हेही लक्षात आहे. पण मी अजून शर्टाला कात्री लावलेली नाही. पिशवी उघडलेलीसुद्धा नाही.

तू म्हणालीस, "आई, धुवू नका हं. त्याला अजून ओमकारचा वास आहे." अपघाताच्या आदल्या दिवशी घालून त्याने दारामागे टांगलेला तो निळ्या चौकड्यांचा शर्ट. तू तो तसाच प्लास्टिकमध्ये बांधून ठेवलास हे मला माहीतच नव्हतं.

आता माझी अडचण ऐक. आमच्या कापडी खेळणी शिवायच्या कामात कापड आधी भिजवतात, वाळवतात, मगच बेततात. सुती कापड धुतल्यावर आटतं. न भिजवता शिवलं तर पहिल्याच धुण्यात अस्वलाचं तोंड वाकडं होतं, शिवण फुटते. रत्नागिरीला फातिमाकडे शिकायला जायचे तेव्हा मी घाईघाईत एक ससा तसाच शिवला होता. धुतल्यावर त्याचा एक कान आखूड झाला. फातिमा सगळ्या बायकांना तो दाखवायची आणि म्हणायची, "बघा गो, हा राजश्रीचा ससा. ह्याला अर्धंच ऐकू येतं." हे गेल्यावर मी पहिल्यांदा हसले ती तिथे.

परवा मुद्दाम तिच्याकडे गेले. तुझं सगळं सांगितलं. तिने मशीन थांबवलं. मग म्हणाली, "घामाचा कपडा, आत कापूस, आणि आपली ही कोकणातली हवा. एका पावसाळ्यात बुरशी धरेल, बाय. पोर तोंडाला लावून झोपणार." पुढे धुवून टाक असं मात्र ती म्हणाली नाही. तिचाही नवरा कुवेतला गेला तो परत आलाच नाही, तिकडेच मातीत आहे.

इथे शेजारच्या सखूला राहवलं नाही. "मेल्या माणसाचा कपडा पोरीच्या अंगाशी? तुझी अक्कल गेली काय?" मी म्हटलं, ओमकारचं पहिलं अंगडं ह्यांच्या वडिलांच्या धोतराचं होतं, आणि तेव्हा मामंजींना जाऊन वर्ष झालं होतं. आपल्याकडे बाळाला पहिलं जुनंच घालतात. नवं टोचतं. त्यावर ती म्हणाली, "ते धुतलेलं होतं."

हल्ली वाचनालयातून ह्या खेळण्यांवरचं एक पुस्तक आणलंय. जर्मनीत एक बाई होती, लहानपणच्या आजाराने पाय गेलेले, चाकाच्या खुर्चीत बसून शिवायची. तिने टाचण्या टोचायला लोकरी कापडाचा हत्ती केला, तर मुलं त्याच्याशी खेळायलाच लागली. त्यातून तिचा कारखाना उभा राहिला. आणि तिकडे अमेरिकेत त्यांचा राष्ट्राध्यक्ष शिकारीला गेला होता. लोकांनी एक अस्वल पकडून झाडाला बांधून ठेवलं, मारा म्हणाले. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडणार नाही, असं तो म्हणाला. वर्तमानपत्रात त्याचं चित्र आलं आणि त्याच्या नावाने अस्वलं विकायला लागली. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते अस्वल कुत्र्यांनी आधीच फाडलेलं होतं. त्याचे हाल संपवा असं त्यानेच सांगितलं, आणि ते सुरीने मारलं. चित्रं काढता काढता त्याचं लहानसं पिल्लू झालं, आणि मुलांच्या हातात गेलं ते पिल्लू. मला आधी राग आला, की खोटं सांगितलं. मग वाटलं, पोरांच्या हातात द्यायचं तर मोठ्यांनी त्यातलं मरण काढूनच द्यावं लागतं.

हे गेले तेव्हा तेराव्याला सगळे कपडे आपल्या गड्याला, धाकूला दिले. रीतच तशी. कुणी मला विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. धाकू ह्यांचा खाकी शर्ट घालून कलमांना पाणी घालायला यायचा. पाठमोरा दिसला की मी हातातलं काम टाकून उभी राहायचे. त्याला ते कळायचं बहुतेक, कारण तो पटकन वळायचा नाही. दोनेक वर्षांत शर्ट विरून गेला. धाकू अजून येतो, पण आता तो धाकूच असतो.

तुझ्या विनोदरावांशी फोनवर बोलले. माणूस बरा वाटला. "संस्कृतीला सुट्टीत तुमच्याकडे पाठवू ना?" हे त्यांनीच आधी विचारलं. तू लग्न करते आहेस याचं मला वाईट वाटतं का, असं तू विचारलं नाहीस, पण तुझ्या गप्प राहण्यात ते असतं. वाईट वाटतं. तरी तू करावंस असंच मला वाटतं. दोन्ही खरं आहे. हे गेले तेव्हा मी तुझ्या वयाची नव्हते, म्हणून मला एकटीने निभावता आलं.

सावरीचा कापूस वेचून, सरकी काढून उन्हात घातलाय. डोळ्यांना काळी बटणं आणली. बाकी सगळं तयार आहे.

तर पत्र कशासाठी, ते सांगते. ओमकार गेला तेव्हा संस्कृती तीन महिन्यांची होती. तिला तो वास माहीत नाही. तिला मऊ, स्वच्छ अस्वल हवं, आणि शर्ट धुवावा लागणार. वास हवाय तो तुला. आणि मला. लेकाचा वास तुझ्या घरातून एवढ्या लांब माझ्या कपाटात येऊन पडलाय आणि पिशवीला हात लावायचा मला धीर होत नाही. म्हणून तू ये. लग्नाआधी एकदा, एकटी ये. पिशवी तू उघड. आधी तू घे, मग माझ्याकडे दे. पोटभर झालं की दोघी विहिरीवर जाऊ आणि धुऊ. माझ्याने एकटीने ते व्हायचं नाही गो.

वाट बघते.

तुझीच,
आई