चुन्याच्या डबीतले दात

६ जानेवारी २०२५, पांढुर्णा

दिपाली, तुझ्या सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? जावई विनोदरावांचा खोकला बसला काय? नातू अमितचा कान ठणकायचा थांबला का? थांबला नसेल तर तेल घालू नको, डॉक्टरला दाखव. आणि तुझी कंबर? बाळंतपणापासून तू ती लपवून राहिली, मला काय कळत नाही? सगळ्यांचं विचारून झालं, आता माझं. मी मजेत आहे. वरचे समोरचे दोन दात सोडले तर सगळी जागच्या जागी आहे.

ही वही तूच दिली. सासूबाईंनाही पक्के दात बसवायचे आहेत पण जीव घाबरतो, म्हणून मोठी आई, तुझं काय काय होते ते लिहून ठेव, म्हणाली. ठेवते. मी शाळा पाहिली नाही, तुझ्या पाटीवर तुझ्यासंगच अक्षरं शिकली, तेव्हा चुका काढू नको. काम झालं की वही तुझ्याकडे सौंसरला पाठवीन.

तुझे बाबा स्टँडवर घ्यायला आले होते. म्हणाले, वहिनी, समोरचं दार असं उघडं टाकून रामाकोन्याहून इथवर आल्या, माशा किती आत गेल्या असतील! मी म्हटलं, भाऊजी, तुमच्या टकलावर घसरून पडण्यापेक्षा माशांना तेच बरं. दोघंही हसलो. एकतीस वर्षांनी या उंबऱ्यात पाय ठेवला. पंचफुला, तुझी आई, विहिरीत गेली आणि मी तुला कडेवर घेऊन माहेरी रामाकोन्याला निघून गेली, तेव्हापासून इथं पाणी प्यायली नव्हती. पण भाऊजींनीच फोन केला, दवाखाना घरापासून दहा मिनिटं, सुजलेलं तोंड घेऊन बसमध्ये कुठं हिंडता. माणूस म्हातारा झाला, एकटा आहे. किती दिवस धरून ठेवायचं?

८ जानेवारी

डॉक्टरीणबाईंचं नाव केतकी. पोरगीच आहे, पण हात हलका. डोक्याभोवती फिरणारं मशीन असते, त्यात हनुवटी टेकवून उभं राहायचं, जबड्याचा फोटो निघतो. दुखत नाही, सासूबाईंना सांग. मला म्हणाली, आजी, वरचं हाड पातळ झालं, भर घालावी लागेल. भर म्हणजे काय, तर आपलाच दात स्वच्छ करून, दळून, तिथं भरायचा. आपलं आपल्याला सोसते. पडलेले दात जपून ठेवले काय, असं तिनं विचारलं तेव्हा मला हसू आलं. माझी आई सांगायची, माणसानं चितेवर पुरं जावं, काही मागं ठेवू नये. म्हणून मी पडलेला एकेक दात चुन्याच्या डबीत ठेवत आली. रामाकोन्याहून येताना पेटीतली डबी आणलीच होती, म्हटलं इथंच मेली तर.

११ जानेवारी

झालं बाई. सुई टोचते तेवढंच. मग ओठ दुसऱ्याचा असल्यासारखा होतो. माझे दोन दात तिनं छोट्या चक्कीत दळले, आपल्या तिखटाच्या चक्कीसारखीच घरघर. म्हणाली, आजी, या वयात एवढे पांढरे दात! एकावर एक थोडे चढलेले, पण डाग म्हणून नाही. मी तोंड उघडं ठेवून लाजली. मग हाडात दोन स्क्रू बसवले, वर पीठ भरलं, टाके घातले. आता सहा महिने थांबायचं. हाड स्क्रूला धरते. धरलं की मग वर दात.

१३ जानेवारी

गाल कुंभाराच्या मडक्यावानी. बर्फ लावायचा, गरम खायचं नाही, चूळ जोरात भरायची नाही, जीभ तिथं न्यायची नाही. जिभेला नको म्हटलं की ती तिथंच जाते. भाऊजींनी आपल्या हातानं पेज करून, फुंकर मारून थंड करून दिली. मला रडू आलं.

२१ जानेवारी

टाके निघाले. सूज गेली. फक्त तोंडाला पाण्याची चव येते. शेवाळलेल्या, दगडावरच्या पाण्याची. डॉक्टरीणबाई म्हणाली, औषधामुळे असेल. सासूबाईंना हे सांगू नको, उगीच घाबरतील.

९ फेब्रुवारी

आज एक गंमतच झाली. गंमत म्हणू की काय म्हणू. दुपारी ओट्यावर गहू निवडत बसली होती. भाऊजी आतून ओरडले, कोण चिंचोके फोडून राहिलं? मी म्हटलं, कोणी नाही. तर बाहेर आले आणि माझ्या मांडीकडे बघत राहिले. चिंचोक्यांची टरफलं होती, दोन मुठी. भाजलेली. मी चिंचोके खात नाही. आणि समोर दातही नाहीत, हिरडीखाली नुसते स्क्रू. चिंचोके फोडायची सवय तुझ्या आईला होती.

रात्री भाऊजी माझ्यासमोर जेवायला बसले नाहीत.

१६ फेब्रुवारी

पल्लवी घरकामाला येते. ती आज सांगत होती की आजी, तुम्ही काकाजींना काय बोलल्या, ते ताट तसंच टाकून उठले. मी काहीच बोलली नव्हती. ती म्हणते, बोलल्या. ताट वाढताना त्यांच्याकडे बघून हळूच विचारलं, भाकर करपली एवढ्यासाठीच काय हो?

दिपाली, मला कसली भाकर ते माहीत नाही. पंचफुला गेली त्या दिवशी मी वावरात होती. भांडण कशावरून झालं ते या जगात दोघांनाच माहीत होतं.

त्यांच्या हातातून वाटी पडली, पल्लवी म्हणाली.

२ मार्च, रामाकोना

हे पान मी फाडून टाकीन.

एका दिवसासाठी घरी आली. पेटीत लुगड्यांच्या तळाशी हात घातला. डबी लागली. दुसरी डबी. उघडली. माझे दात. मिश्रीनं काळे, एकाला चांदी भरलेली. माझेच.

मग मी पांढुर्ण्याला कोणती डबी नेली?

दोन्ही सारख्या होत्या. एकीला लाल धागा होता, कुजून गळला असेल. तिच्यात पंचफुलाचे होते. तिगावच्या आपल्या संत्र्याच्या बगीच्यात, विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडते त्या दगडावर सापडले होते मला, ती पाण्यातून निघायच्या आधी. समोरचे दोन. मुळासकट, रक्तासकट. पाय घसरून पाण्यात पडलेल्या बाईचे दात वर दगडावर राहत नाहीत, हे मला तेव्हाही कळत होतं. मी कमरेला खोचले. पोलिसांनी विचारलं. तुझे मोठे बाबा म्हणाले, पोट्टीचा बाप आत गेला तर पोट्टीचं कोण करील? त्यांची बायको होती मी, ऐकलं. म्हटलं, पाय घसरला.

दात तिच्यासंग चितेवर जायला हवे होते. पण बाया मसणात जात नाहीत. आणि कोणा माणसाच्या हाती देऊ? ज्याच्या हाती दिले तो विचारील ना, कुठं सापडले.

ती अर्धीच गेली. उरलेली आता माझ्या तोंडात आहे.

४ मार्च, पांढुर्णा

डॉक्टरीणबाईला म्हटलं, काढ. सगळं काढ. तिनं फोटो काढला, बघत राहिली. म्हणाली, आजी, सहा महिन्यांचं काम दोन महिन्यांत झालं, असं हाड मी पाहिलं नाही. स्क्रू कुठला आणि हाड कुठलं ओळखू येत नाही. काढायचं तर जबडा कापावा लागेल. आणि आनंदानं माझा हात दाबला. म्हणाली, छान धरलं आहे, आता सोडणार नाही.

२७ मार्च

भाऊजी घरात असतात पण दार लावून. दाराशी गेली की मला बरं वाटते. हे मला वाटते की तिला — 

पाण्याची चव. सारखी.

१२ एप्रिल

वही पाठवून द्यावी म्हणून दोनदा पोस्टात गेली. दोनदा परत आली. पाय नेत नाहीत. ती म्हणते, पुरं झालं नाही अजून.

२२ एप्रिल

दात बसले. माप माझ्या तोंडाचं घेतलं, रंग माझ्या दातांचा निवडला. आरशात पाहिलं तर एकावर एक चढलेले. पांढरे. डॉक्टरीणबाई म्हणाली, असे तर मी मागितले नव्हते — परत पाठवते — मी नको म्हटलं. मी म्हटलं नाही. तोंड म्हणालं.

घरी आली. भाऊजी ओट्यावर होते. मी हसली.

उठताच आलं नाही त्यांना. जागच्या जागी धोतर ओलं.

वाईट वाटायला हवं होतं.

२८ एप्रिल

आज ते रडले. हात जोडले. वहिनी म्हणाले, मग पंचफुला म्हणाले, मग परत वहिनी. म्हणाले, एकच ठोसा होता, नंतर तर ती स्वतःच — तोंडानं विचारलं, स्वतःच काय? — तर माझे पाय धरले.

परवा अक्षय तृतीया. पितरांच्या घागरी भरायचा दिवस. एकतीस वर्षांत तिच्या नावाची घागर भरली नाही त्यांनी. तोंड म्हणालं, भरा. आपल्याच विहिरीची.

ते हो म्हणाले. कसे म्हणाले, बाप्पा.

३० एप्रिल, तिगाव, बगीचा

ऑटोनं आलो. वही पिशवीत होती, मी ठेवली नव्हती. ऊन. संत्र्याला फूल नाही तरी वास —

ते थारोळ्यावर उभे आहेत. घागर हातात. तोच दगड. मी चार हातांवर बसली आहे, लिहून राहिली. लिहीत राहिली तर हात कामात राहतील.

दात वाजतात. चिंचोके फोडल्यासारखे.

ते वळून म्हणतात, वहिनी, तुम्ही जरा मागं —

मी मागं नाही. मी तर बसली होती —

घागर पाण्यावर तरंगते आहे. नुसती घागर.

हात माझेच होते. ओले आहेत.

पोलीस विचारतील. म्हणीन, पाय घसरला. याच तोंडानं म्हटलं होतं, जमते त्याला. पण तुला नाही. तुला ती खोटं बोलू देत नाही. ऐक. तुझी आई घसरली नव्हती. त्यानं दात पाडले आणि ढकललं, आणि मी डबी झाकली. तुला मांडीवर घेऊन एकतीस वर्षं झाकली.

सासूबाईंना सांग, दुखत नाही. हाड धरते. मग सोडत नाही.

उठून राहिली मी. थारोळ्याकडे. उठली नाही तरी — दातच पुढे ओढतात, तिचं माझ्याकडेही बाकी आहे — वही इथं दगडावर ठेवते, कोणाला सापडली तर सौंसरला — दिपे, रागावली तरी चालेल, पण लिही. एक ओळ लिही. लवकर लिही, तुझ्या अक्षराची किती वर्षं वाट पाहिली, पाण्यात काहीच वाचता येत नव्हतं, लवकर उत्तर पाठव, माझ्या बाळा, तुझी आ