नळीतला तुकडा

३ जून
आज सकाळी अंघोळ केली, देवाला हात जोडले, नवा सदरा घातला आणि प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून रुजू झालो. पन्नाशीला टेकल्यावर नोकरी, तीही शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात! ज्या डॉक्टरीणबाईंनी माझं आतडं कापून मला वाचवलं, त्यांनीच ती दिली. बायको म्हणाली, पोट कापून पोटापाण्याला लावणारी बाई पहिल्यांदाच पाहिली.
काम सोपं आहे. काचेच्या नळीत कोमट खारं पाणी, त्यात दोऱ्याने टांगलेला आतड्याचा तुकडा, खालून हवेचे बुडबुडे. तुकडा आकसला की दोरा ओढला जातो आणि लेखणी कागदावर रेघ काढते. रोज सकाळी पाणी मी बदलायचं.

६ जून
बाईंनी समजावून सांगितलं. आतड्यात पेप्टाइड नावाचे प्रथिनांचे बारीक कण तयार होतात. त्यांतले काही मेंदूतही असतात, भूक आणि भीती हलवतात. आईला हे शाळेत न जाता ठाऊक होतं. मी परीक्षेला निघालो की ती आधी पोटावरून हात फिरवायची.

११ जून
पाणी बदलताना मी मनात देवाचं नाव घेतो. तेव्हा रेघ संथ चालते. आज बाहेर ट्रकचा भोंगा वाजला, मी दचकलो, आणि लेखणी उसळली. तुकड्याला कान कुठे असतात?

१४ जून
खालच्या खोलीत जेवताना एकाएकी दरदरून घाम फुटला. मागे कुणी उभं आहे असं वाटलं. मागे भिंत होती. वर प्रयोगशाळेत जाऊन कागद पाहिला. बाईंनी नळीत पेप्टाइडचा एक थेंब सोडला होता, एक वाजून दहा मिनिटांनी. मी घास टाकून उठलो तेव्हाची वेळ.

१५ जून
तुकडा कोणाचा, विचारलं. बाई हसून म्हणाल्या, शस्त्रक्रियेआधी सही तुम्हीच केलीत की. केली होती, न वाचता. नोकरी का दिलीत? तर म्हणाल्या, तुम्ही जवळ असलात की रेघ छान येते.

१७ जून
तीन थेंब. घरी होतो. बायको पाणी घेऊन आली — तिचीच भीती वाटली — ढकललं तिला. ती रडली.

१८ जून
उद्या दहा थेंब. नको म्हणालो. बाई म्हणतात, भीती म्हणजे नुसतं रसायन. असेल. पण माझं आहे. ते देवापुढे ठेवायचं की गिळायचं, मी ठरवीन.

१९ जून, सकाळ
दाराला आतून कडी घातली. हवा बंद. बुडबुडे थांबले — पोटात पीळ — बाई दार बडवताहेत, तुम्हीही मराल म्हणतात — मरू दे. भिणार नाही — नाव घेतोय —
दोरा कापला.
रेघ सपाट. मी अजून लिह